टेलिफोन अक्कांचं कुटुंब

जागतिक तमिळ परिषद भरायची म्हणून त्या वर्षी सगळ्या तंजावरनं अंगाला रंग लावून घेतला. रस्त्यांवर नवं डांबर पडलं, चौकाचौकांत दिवे लागले, आणि दक्षिण वीथीतल्या अनिरुद्धरावांना वाटलं की आपलंच घर तेवढं मळकं कशाला राहावं. बाहेरच्या ओट्यापासून मागच्या विहिरीपर्यंत सगळ्या घराला डिस्टेंपर झाला. रंगारी गेल्यावर अनिरुद्धराव एका हातात हातोडी आणि तोंडात दोन खिळे धरून कूडमच्या पूर्वेकडच्या भिंतीपुढे उभे राहिले. दिवाणखान्याला त्या घरात कूडमच म्हणत. मराठी घर असलं तरी असे तमिळ शब्द तिथं पिढ्यान्‌पिढ्या पाट मांडून बसलेले होते.

खाली जमखान्यावर घराण्यातले सगळे कुटुंब-फोटो ओळीनं मांडले होते. घरातल्या प्रत्येक कुटुंबाचा एक फोटो त्या भिंतीवर लागत असे. आजोबांचा, वडील तुळजाजीरावांचा, काकांचा, खुद्द अनिरुद्धरावांचा, आणि त्यांच्या मुलाचा, सुंदरचा. अनिरुद्धराव रजिस्ट्रार कचेरीतून निवृत्त झालेले. कुठला कागद कुठल्या कागदाच्या खाली लागतो, यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. फोटोही ते तसेच लावत.

त्यांची धाकटी बहीण कमलाक्षीबाई रविवारच्या कॉफीला आल्या होत्या. त्यांनी टंबलरमधली कॉफी डवऱ्याच्या वाटीत ओतली, डवऱ्यातली परत टंबलरमध्ये ओतली, आणि भिंतीकडे बघत त्या म्हणाल्या, "अण्णा, माझ्या फोटोला जागा सोडा."

"तुझा आहे की." अनिरुद्धरावांनी हातोडीच्या दांड्यानं वडिलांचा फोटो दाखवला. त्यात अगदी कडेला दोन वेण्या घातलेली, ओठ घट्ट मिटलेली एक मुलगी उभी होती.

"तो बाबांच्या कुटुंबाचा. मी माझ्या कुटुंबाचा म्हणतें."

अनिरुद्धरावांनी तोंडातले खिळे हातात घेतले. "तुझं कुटुंब कोण?"

"सुभेदार, मोगरा, ट्रंकॉल आणि जिरी."

स्वयंपाकघरात अनिरुद्धरावांच्या बायकोच्या, राजमवहिनींच्या, हातातला झारा क्षणभर थांबला.

"कुत्रीं," अनिरुद्धराव म्हणाले.

"नावं आहेत त्यांना, अण्णा."

"नावं बैलांनाही असतात. पोंगलला शिंगं रंगवतात त्यांचीं. म्हणून कोणी त्यांचा फोटो पूजेच्या खोलीशेजारी लावत नाही."

"बैल गोठ्यात निजतात. माझीं माझ्या खोलीत निजतात."

"तेच तर म्हणतों मी."

मग अनिरुद्धरावांनी, मोठ्या मनानं सवलत द्यावी तसा आवाज लावला. "हें बघ, कमला. भिंत माझी नाही, बाबांची आहे. बाबांचा नियम तुला ठाऊक आहे. कुटुंबातले सगळे एकाच फोटोत पाहिजेत, सगळ्यांचं तोंड समोर पाहिजे, आणि कोणी हललेलं चालणार नाही. काकांचा पहिला फोटो बाबांनी बेंगळूरला परत पाठवला होता, मधल्या मुलाचं डोकं हललं म्हणून; दुसरा इथं येऊन काढावा लागला. तुझीं चौघं तशीं बसव. मी स्वतः खिळा मारतों."

"शब्द?"

"शब्द."

कधीच वसूल होणार नाही अशी हुंडी लिहून देणाऱ्याच्या समाधानानं त्यांनी खिळे पुन्हा तोंडात धरले. कमलाक्षीबाईंनी मात्र कॉफी संपवली, टंबलर विसळून पालथा घातला आणि त्या घरी निघाल्या. त्यांना आपल्या चौघांची खात्री होती. फोटो काढून घेणं हे त्यांनी आयुष्यात फारसं केलं नव्हतं, एवढीच अडचण होती.

*

तंजावरात कमलाक्षीबाईंचा चेहरा थोड्यांना आणि आवाज सगळ्यांना माहीत होता. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या विशीत लागल्या. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांची पाटी, आणि हातात दोऱ्या. "नंबर प्लीज" हे दोन शब्द त्यांनी इतक्या वर्षांत इतक्या वेळा म्हटले, पण कोणाला कधी ते कंटाळून म्हटलेले ऐकू आले नाहीत. गाव लहान होतं. एखादी बाई घाबऱ्या आवाजात डॉक्टरांचा नंबर मागे, तेव्हा कमलाक्षीबाईंना ठाऊक असे की डॉक्टर या वेळी घरी नसतात, क्लबात पत्ते खेळतात. त्या सरळ क्लबात जोडून देत. मन्नारगुडीच्या गिरणीवाल्याला तांदळाचा भाव आणि कुंभकोणमच्या सासरला नातू झाल्याची बातमी त्यांच्याच हातून जाई. एकदा भाजीबाजारात त्यांनी घेवड्याचा भाव विचारला, तर मागं उभा असलेला अनोळखी माणूस चटकन वळला आणि हात जोडून म्हणाला, "टेलिफोन अक्का?" त्याच्या बापाला मदुरैच्या इस्पितळाशी पहाटे कोणी जोडून दिलं होतं, ते त्याच्या घरात विसरले नव्हते. तेव्हापासून त्या गावच्या टेलिफोन अक्का झाल्या.

लग्न राहून गेलं. स्थळं येत होती तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती, आणि आई गेली तेव्हा स्थळं येईनाशी झाली होती. यावर त्यांनी कधी उसासा टाकलेला कोणी ऐकला नाही. गावालगतच्या करंदैत, नदीजवळ, स्वतःच्या पगारातून त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं, मागं आवार ठेवलं, आणि कडीपत्ता लावला.

मग दिल्लीहून नवे वारे सुटले. एक्स्चेंजच्या नव्या इमारतीत काचेच्या खोलीत थंडगार यंत्रं आली, दोऱ्या आणि पाट्या लॉरीत घालून नेल्या, आणि रस्त्यारस्त्यावर एसटीडीचे पिवळे फलक लागले. जो तो स्वतःच नंबर फिरवायला लागला. कमलाक्षीबाईंना शेवटची काही वर्षं चौकशीच्या टेबलावर बसवलं, आणि एके दिवशी हार, नारळ आणि गर्द लाल रेशमी साडी देऊन निरोप दिला. गावाला त्यांच्या आवाजाची गरज उरली नाही. घरात चौघं होती, त्यांतल्या तिघांना होती.

चौघांत थोरला सुभेदार. तांबूस रंगाचा, एक कान फाटलेला गावठी कुत्रा. जुन्या एक्स्चेंजच्या फाटकावर तो आपणहून पहारा देई. इमारतीला कुलूप लागलं त्या संध्याकाळी तो कमलाक्षीबाईंच्या मागोमाग करंदैपर्यंत चालत आला आणि त्यांच्या फाटकाशी पेन्शनीत निघालेल्या अंमलदारासारखा छाती काढून बसला. नाव त्याचं त्यानंच ठरवल्यासारखं होतं.

ट्रंकॉल हा पॉमेरेनियन. त्या दिवसांत बरी नोकरी असलेल्या प्रत्येकाला एक पॉमेरेनियन पाहिजे असे. शेजारच्या बँक अधिकाऱ्याची दिल्लीला बदली झाली आणि कुत्रा मागं राहिला. जीव मुठीएवढा, पण दूरच्या गावाशी बोलताना माणसं जशी ओरडत, तसा हा शेजारच्या मांजराशी बोले.

जिरी नदीच्या पायऱ्यांवर सापडली. सापडली तेव्हा जिऱ्याएवढी होती असं कमलाक्षीबाई सांगत. आता ती चांगली भोपळ्याएवढी झाली होती आणि जिथं बसू नको म्हणावं तिथंच बसत होती.

आणि मोगरा. ओरत्तनाडूजवळच्या एका जमीनदारानं राजपाळयमची अस्सल जात म्हणून राखणीला आणलेली. सगळी पांढरीशुभ्र, नाक गुलाबी. ती हाकेला येईना, चोरालाही भुंकेना, म्हणून तिला मठ्ठ ठरवून कडबा ठेवायच्या खोलीत बांधली होती. कमलाक्षीबाई एका लग्नाला त्या गावी गेल्या होत्या. दार उघडताना कडी वाजली तेव्हा पिल्लू निजून होतं, आणि उजेडाचा पट्टा अंगावर पडला तेव्हा उठलं, एवढं त्यांनी पाहिलं. "हिला अक्कल आहे, कान नाहीत," त्या जमीनदाराला म्हणाल्या आणि पिल्लू पदराखाली घेऊन बसमध्ये चढल्या. ऐकणं हाच ज्यांचा पेशा होता, त्यांनी बहिऱ्या कुत्रीला हातांच्या खुणा शिकवल्या. लांब असली तर पांढरा पंचा डोक्यावर फिरवायचा, की मोगरा शेताच्या पलीकडूनही बाणासारखी येई.

चौघांशी त्या मराठीतच बोलत. रविवारची भावाकडची कॉफी सोडली तर घरातली मराठी बोलायला आता दुसरं कोणी उरलंच नव्हतं. भावाची नात अखिला सगळं समजून घेई आणि उत्तर तमिळमध्ये देई. कुत्र्यांच्या लेखी मात्र तमिळ ही रस्त्यावरची भाषा होती. भाजीवाला, पोस्टमन, दूधवाला तमिळ बोलत, आणि त्यांच्यावर भुंकायचं असतं.

*

जुन्या बसस्टँडजवळ राजगोपालचा स्टुडिओ होता. लग्नाच्या अल्बमांत त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. कमलाक्षीबाईंनी काम सांगितलं तेव्हा तो हसला नाही, ही त्यांना त्याची पहिली आवडलेली गोष्ट. त्यानं फक्त विचारलं, "अक्का, चावतात का?"

"फोटो वाईट निघाला तर मी चावेन," कमलाक्षीबाई म्हणाल्या.

स्टुडिओत मागच्या पडद्यावर तळं रंगवलं होतं आणि तळ्यात हंस. ट्रंकॉलनं आत पाऊल टाकल्याबरोबर हंसाशी वाद सुरू केला. जिरी छत्रीच्या दिव्याखाली ऊब बघून निजली. तासभर खटपट करून राजगोपालनं दोन फोटो काढले आणि चार दिवसांनी दोन्ही टेबलावर ठेवले.

पहिल्यात कमलाक्षीबाई नव्हत्या. त्या कॅमेऱ्यामागं उभ्या राहून हाक मारत होत्या, आणि चौघं ताठ, मान वर, नजर सरळ. परेडच्या दिवशी शिपायांनी उभं राहावं तशी.

दुसऱ्यात त्या खुर्चीवर मध्ये बसल्या होत्या आणि नीट समोर पाहत होत्या. चौघांची तोंडं त्यांच्याकडे वळलेली. एकाचीही नजर कॅमेऱ्यात नव्हती.

"हाच घ्या, अक्का," राजगोपाल म्हणाला. "माझ्या बायकोनं इतक्या वर्षांत एकदाही माझ्याकडे असं बघितलं नाही."

कमलाक्षीबाईंनी तो फोटो बराच वेळ हातात धरला. "चांगला आहे. पण नियमात बसत नाही."

"कोणाच्या नियमात?"

"माझ्या वडिलांच्या."

"मग अक्का, तुम्ही कॅमेऱ्यापुढं आणि कॅमेऱ्यामागं दोन्हीकडे कशा असाल?"

दोन्ही फोटोंचे पैसे देऊन कमलाक्षीबाई निघाल्या. भाऊ दयेनं म्हणाला असता की राहू दे, दुसराच लावू, तर त्यांना ते नको होतं. दया दाखवून भिंतीवर घेतलेलं कुटुंब त्यांना चालणार नव्हतं. बाकीच्या कुटुंबांना लावला तोच नियम आपल्या चौघांना लागावा आणि त्यांनी तो पार पाडावा, एवढंच त्यांना हवं होतं.

रविवारी त्या राजमवहिनींपाशी स्वयंपाकघरात बसल्या. अनिरुद्धराव बाहेर ओट्यावर पेपर वाचत होते. वहिनींनी दोन्ही फोटो पदरानं पुसून पाहिले.

"वन्सं, तुम्ही स्टुडिओत गेलांतच कशाला? आपल्या भिंतीवरचा एक तरी फोटो स्टुडिओतला आहे? सगळे मागच्या आवारातले. विहिरीपाशी, सागवानी बाकावर, सकाळच्या उजेडात."

कमलाक्षीबाई थबकल्या. जन्म त्या घरात झाला, त्या बाकाशेजारी स्वतः वेण्या घालून उभ्या राहिल्या होत्या, आणि हे त्यांना सुचलंच नव्हतं. कुत्र्यांचा फोटो म्हणजे बाहेर काढायचा, असं त्यांच्याही मनात कुठंतरी होतं. ते जाणवून त्यांना स्वतःचाच थोडा राग आला.

"तो बाक अण्णा देतील?"

"त्या बाकावर मी रोज अप्पळं-पापड वाळत घालतें. त्यांना ठाऊकही नाही तो कोठें असतो. शनिवारी सकाळी या चौघांना घेऊन. मी यांना विचारत नाही. विचारलं की नाही म्हणायची सवय आहे त्यांना, कचेरीपासूनची."

*

शनिवारी दोन ऑटोरिक्षा दक्षिण वीथीत येऊन थांबल्या. एकीत कमलाक्षीबाई, जिरी आणि ट्रंकॉल. दुसरीत सुभेदार आणि मोगरा, आणि त्यांच्या मध्ये अंग चोरून बसलेला राजगोपाल, मांडीवर कॅमेऱ्याची पेटी घेऊन. चौघांची आंघोळ झाली होती. कमलाक्षीबाईंनी निरोपाच्या दिवशी मिळालेली लाल रेशमी साडी नेसली होती.

अनिरुद्धराव पूजा आटपून खांद्यावर पांढरं उपरणं टाकून मागच्या आवारात आले तेव्हा बाक विहिरीपाशी मांडून झाला होता.

"हें काय?"

"बाकाचं काम आहे," राजमवहिनी म्हणाल्या.

अनिरुद्धरावांनी खुर्ची मागवली आणि परीक्षेला पर्यवेक्षक बसावा तसे पेपर उघडून एका बाजूला बसले. पेपराचं पान मात्र उलटलं जात नव्हतं.

बाकावर मध्ये कमलाक्षीबाई बसल्या. त्यांच्या डाव्या हाताला सुभेदार, उजव्या हाताला मोगरा, मांडीवर जिरी, पायाशी ट्रंकॉल. राजगोपालनं तिकाटण्यावर कॅमेरा चढवला, भिंग पुसलं, टाळ्या वाजवल्या आणि लाडानं तमिळमध्ये म्हणाला, "इकडे बघा, इकडे, कण्णा."

तमिळ कानावर पडताच सुभेदारानं मान फिरवून रस्त्याच्या दाराकडे पाहिलं. कोण आलंय ते त्याला बघायचं होतं. ट्रंकॉल भुंकला.

"थांबा, मी बोलावते," अखिला म्हणाली. ती कॉलेजात शिकत होती आणि तिला आत्याआजीची ही कुत्री फार आवडत. ती आधी इंग्रजीत बोलली, मग तमिळमध्ये, आणि शेवटी सगळा धीर गोळा करून मराठीत म्हणाली, "सुभेदार, इकडं... बघ." शब्द बरोबर होते, पण भीत भीत आले. सुभेदारानं तिच्याकडे सहानुभूतीनं पाहिलं आणि जांभई दिली.

"सरक बाजूला," राजमवहिनी पुढं आल्या. त्यांनी तोंड उघडण्याचीही गरज पडली नाही. करंदैला आला की मुरुक्कूचे, म्हणजे चकलीचे, तुकडे टाकणारा हात बघून तिघं जागा सोडून निघाली आणि शेपट्या हलवत त्यांच्याभोवती जमली. मोगराही इतरांना पाहून निघाली. कमलाक्षीबाई बाकावर एकट्या राहिल्या.

पेपराआडून एक खाकरणं ऐकू आलं. ते हसणंही असू शकलं असतं.

चौघांना पुन्हा बसवलं. ऊन विहिरीच्या काठावरून बाकाच्या पायापर्यंत सरकलं होतं. "अक्का, आणखी थोडा वेळ," राजगोपाल म्हणाला. "मग ऊन थेट तोंडावर येईल, सगळ्यांचे डोळे मिटतील." सुभेदाराचे मागचे पाय थरथरायला लागले होते. तो म्हातारा होता, पण उभ्या माणसांसमोर आडवं पडणं त्याला शोभलं नसतं.

कमलाक्षीबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि समोर बघत म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही हाक मारा."

"मी?"

"बाबांची हाक. जेवणाची."

पेपर खाली आला. तुळजाजीरावांची ती हाक आळीत प्रसिद्ध होती. ती आली की मुलांनी खेळ टाकून यायचं, आपापल्या पाटावर ताठ बसायचं, वडिलांकडे बघायचं, आणि ते "हं" म्हणेपर्यंत पानाला हात लावायचा नाही. वडील गेल्यावर ती हाक त्या घरात कोणी मारली नव्हती.

"त्या हाकेचं यांना काय?" अनिरुद्धरावांनी विचारलं.

"मी तीच मारतें. रोज, दोन्ही वेळां."

"बाबांची हाक तू कुत्र्यांना मारतेस?"

"मग जेवायला बोलावताना दुसरी कोणती मारूं? मला एकच येते."

राजमवहिनींनी अखिलाचा हात धरून तिला मागं घेतलं. अनिरुद्धरावांनी पेपराची घडी घातली, ती घडी पुन्हा नीट केली, आणि खुर्चीवर ठेवली. कमलाक्षीबाईंना वाटलं, आता हे उठून आत जातील. मग सगळं संपलं. त्यांनी कधी कोणाकडे दुसऱ्यांदा मागितलं नव्हतं, आणि आताही मागणार नव्हत्या. त्या समोर बघत राहिल्या.

अनिरुद्धराव उठले. चालत कॅमेऱ्यापाशी आले, राजगोपालला कोपरानं थोडं सरकवलं आणि घसा साफ केला.

"पानं मांडलीं, याऽऽ. बसा रे, बसा."

आवाज त्यांचा नव्हता. तुळजाजीरावांचा होता, तोच खर्ज, शेवटाला तोच हेल. सुभेदाराचे पाय थरथरायचे थांबले आणि छाती पुढं आली. ट्रंकॉलचं तोंड मिटलं. जिरी मांडीवर उठून बसली. तिघांच्या माना कॅमेऱ्याकडे वळल्या आणि तिथंच राहिल्या. कमलाक्षीबाईंची पाठही ताठ झाली, दोन वेण्यांच्या वयात होत असे तशी.

एकटी मोगरा अजून कमलाक्षीबाईंच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

"ती पांढरी ऐकत नाही," अनिरुद्धराव ओठ न हलवता म्हणाले.

"तिला ऐकूं येत नाही, अण्णा. पांढरं काहीतरी फिरवा. डोक्यावरून."

रजिस्ट्रार कचेरीत ज्यांच्या खांद्यावरची घडी कधी मोडलेली कोणी पाहिली नव्हती, त्या अनिरुद्धरावांनी खांद्यावरचं उपरणं ओढलं आणि उघड्या अंगानं, चवड्यांवर उभं राहून, ते डोक्यावर गरगरा फिरवलं. मोगराची मान वळली. गुलाबी नाक, काळे डोळे, सगळं समोर.

राजगोपालनं बटण दाबलं. मग अनुभवी माणसासारखा आणखी एकदा दाबलं.

"झालं, सार."

कोणी हललं नाही. अनिरुद्धराव उपरणं हातात धरून उभे होते आणि त्या चौघांकडे पाहत होते. चौघं त्यांच्याकडे. आज्ञा मिळाल्याशिवाय एकही कान हलला नाही. तुळजाजीरावांची स्वतःची मुलंसुद्धा इतका वेळ कधी बसली नव्हती. अनिरुद्धराव तर नाहीच.

"अहो," राजमवहिनी हळूच म्हणाल्या, "हं म्हणा. बिचारीं बसलीं आहेत."

"हं," अनिरुद्धराव म्हणाले, आणि चौघं एकदम जागेवरून सुटली.

*

राजगोपाल स्वतः फोटो घेऊन दक्षिण वीथीत आला. तो त्याला दुसऱ्या कोणाच्या हातानं पाठवायचा नव्हता. कमलाक्षीबाई आधीच येऊन बसल्या होत्या. अनिरुद्धरावांनी चष्मा लावला, त्यावर भिंग धरलं, आणि दस्तऐवज तपासावा तसा फोटो कोपऱ्यापासून तपासायला सुरुवात केली. सुभेदार. कमलाक्षी. मोगरा. खाली ट्रंकॉल. मग भिंग मधोमध थांबलं.

"हललंय," ते म्हणाले.

कमलाक्षीबाई पुढं वाकल्या. "कोण?"

"जिरी. हें बघ. शेपटी हलली आहे. नुसता धूर दिसतो."

खरंच होतं. मांडीवर जिरीचं तोंड दगडात कोरल्यासारखं स्थिर होतं, आणि मागं शेपटीच्या जागी एक फिकट पंखा उमटला होता. नियम नियम होता, आणि कमलाक्षीबाईंनी तो मान्य केला होता.

"बाबांचा नियम डोक्याचा होता," राजमवहिनी दारातून म्हणाल्या. "शेपटीचा नव्हता."

"बाबांच्या फोटोत कोणाला शेपटी नव्हती."

"तेच म्हणतें मी. मग त्याचा नियम कसा असेल?"

अनिरुद्धरावांनी भिंग खाली ठेवलं. बायकोकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. कचेरीत असा मुद्दा पुढं आला की ते जसा विचार करत, तसा त्यांनी केला. "मान्य," ते म्हणाले. आणि राजगोपालकडे वळून तमिळमध्ये, "पण हा अपुरा आहे. खाली नावं कोठें आहेत?"

भिंतीवरच्या प्रत्येक फोटोखाली पांढऱ्या रंगात नावं होती, डावीकडून उजवीकडे, तमिळ अक्षरांत. त्या घरात देवनागरी वाचणारं आता कोणी नव्हतं. राजगोपालनं खिशातून पेन काढलं आणि कागदाचा तुकडा गुडघ्यावर धरला. "सांगा, सार."

"मध्ये लिही, तु. कमलाक्षी."

तिकडच्या रिवाजाप्रमाणे माणसाच्या नावाआधी बापाच्या नावाचं अक्षर येतं. तुळजाजींची मुलगी, म्हणून तु. एवढं राजगोपालला सांगावं लागलं नाही.

"डावीकडून घे. क. सुभेदार."

राजगोपालचं पेन थांबलं. "क कशाचा, सार?"

"कमलाक्षीचा. आणखी कशाचा?"

"सार, इनिशियल बापाचं असतं. आईचं कचेरीत चालतं का?"

"कचेरीत चालत नाही. माझ्या भिंतीवर चालतं. लिही. क. सुभेदार. मग हिचं नाव. मग क. मोगरा. मांडीवर क. जिरी. पायाशी क. ट्रंकॉल."

कोणाचं नाव काय आणि कोण कुठं बसलंय, हे त्यांनी बहिणीला विचारलं नाही. कमलाक्षीबाई जमखान्यावर बसून भावाच्या तोंडून एकेक नाव ऐकत होत्या. आयुष्यभर त्यांनी लोकांची नावं लोकांपर्यंत पोचवली होती. आता त्या हातातला टंबलर तसाच धरून बसल्या, आणि कॉफी ओतायची राहिली.

अनिरुद्धराव हातोडी आणायला उठले. जाता जाता दारात थांबले आणि राजगोपालला म्हणाले, "अक्षरं मोठीं काढ. बाहेरून येणाऱ्याला ओट्यावरून वाचतां आलीं पाहिजेत."